अंगावरची अक्षरे आणि बापजाद्यांची साक्ष: एका फिरत्या मजकुराला उत्तर

पोळा झाल्यापासून आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात, शेतमालाचे भाव टाकणाऱ्या गटापासून भजनी मंडळाच्या गटापर्यंत, एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: टी-शर्टवर राजकीय घोषणा छापून फिरणे हे परदेशी खूळ असून आपल्या बापजाद्यांनी कपड्यावर कधी राजकारण आणले नाही, असा कपडा घालणे कायद्याने गुन्हा आहे आणि पोलिस केव्हाही उचलू शकतात, त्याने गावात तेढ वाढते, त्यातून साध्य काहीच होत नाही, आणि या सगळ्यामागे छपाईवाल्यांचा व पक्षांचा पैसा असतो. शेवटी शेतकऱ्यांच्या पोरांनी अंगावर अक्षरे मिरवण्यापेक्षा वावरात लक्ष द्यावे, असा सल्ला आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे शेजारी आहेत, नातेवाईक आहेत, दोन निवृत्त शिक्षकही आहेत. ही माणसे वाईट हेतूची नाहीत, म्हणूनच त्यांना मुद्द्याला मुद्दा देऊन उत्तर द्यावे असे मला वाटते.

आधी मी या विषयात का पडलो ते सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये, विधानसभेची निवडणूक आटोपून आचारसंहिता उठल्यानंतर, माझा पुतण्या एका कागदासाठी तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात गेला होता आणि मी त्याच्यासोबत होतो. त्याच्या अंगातल्या पांढऱ्या टी-शर्टवर एकच ओळ होती: "हमीभाव 4892, हातात किती?" त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली माल जात होता, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक होते. टेबलामागच्या माणसाने त्याला सांगितले, "हे असले राजकारण घालून आत यायचे नाही, टी-शर्ट उलटा करून ये." कागद हवाच होता, त्यामुळे पोरगा बाहेर कडुनिंबाच्या आडोशाला गेला आणि टी-शर्ट उलटा घालून आला. खांद्याच्या शिवणी वर आल्या होत्या, मानेवर मापाची चिठ्ठी लोंबत होती आणि पातळ कापडातून 4892 हा आकडा आरशात दिसावा तसा उलटा दिसत होता. त्याच टेबलापाशी गळ्यात एका पक्षाचा दुपट्टा घातलेला गृहस्थ खुर्चीवर बसून चहा घेत होता. त्याला कोणी काही म्हटले नाही. "काकाजी, माझ्या टी-शर्टवर कोणाचं नाव तरी होतं का?" असे पुतण्याने घरी येताना विचारले, आणि मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

आता मजकुराचा पहिला दावा. टी-शर्ट हा कपडा परदेशातून आला, हे खरेच आहे, आणि त्यावर ठळक अक्षरांत राजकीय वाक्य छापण्याची पद्धतही तिकडे रुजली. 1984 मध्ये लंडनला कॅथरीन हॅम्नेट नावाच्या वेशकार बाईंनी अण्वस्त्रविरोधी वाक्याचा टी-शर्ट घालून पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याशी हस्तांदोलन केले, ते छायाचित्र जगभर गेले. एवढे मान्य करून मी विचारतो की कपड्यावर राजकारण न आणणारे आपले ते बापजादे नेमके कोणते? वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने तरी हे वाक्य पुढे पाठवताना थांबायला हवे होते. गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले, 1936 मध्ये सेवाग्रामला राहू लागले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून खादीचा सदरा व पांढरी टोपी हे उघड राजकीय विधान झाले होते. त्यावर अक्षर एकही नव्हते, तरी इंग्रज अधिकाऱ्याला ते लांबूनच वाचता येत असे आणि ती टोपी घातली म्हणून सरकारी नोकरांना त्रास सोसावा लागत असे. 1921 मध्ये मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली. तीत जळत होते ते कापडच होते आणि त्याला लावलेला अर्थ राजकीयच होता.

दुसरी आठवण अधिक जवळची आहे आणि ती या मजकुरातून पूर्ण गळून पडली आहे. आपल्या समाजात कपडा कधीच मुका नव्हता. कोणी गुडघ्याच्या खाली लुगडे नेसायचे नाही, कोणी कोणत्या धातूचे दागिने घालायचे, हे जातीवरून ठरत असे. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की जात ओळखू येईल अशी लुगड्याची पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या. त्या बायांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, तो कोणत्याही छापील घोषणेपेक्षा मोठा राजकीय संदेश होता. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून लाखो माणसे आली, ती पांढरी वस्त्रे नेसून आली. अनेकांकडे धड दुसरा कपडा नव्हता, तरीही त्यांनी पांढरे लुगडे, पांढरे धोतर मिळवले. ज्यांच्या घरी ही आठवण आजीच्या तोंडून ऐकायला मिळाली आहे त्यांना "आपण कपड्यावर राजकारण आणत नाही" हे कसे पटावे?

आणि पोळा? मजकूर पोळ्यापासून फिरू लागला, म्हणून हे सांगणे भागच आहे. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असे म्हणत झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची चढाओढीची गाणी, सुरू होतात आणि त्या झडत्यांत पुढाऱ्यापासून सावकारापर्यंत सर्वांचा समाचार घेतला जातो. बैलाच्या पाठीवर रंगाने "कर्जमाफी कधी", "कापसाला भाव द्या" असे लिहिणे तर आता दरवर्षीचे झाले आहे. या वर्षी आमच्या गावात एका बैलजोडीच्या झुलीवर, आरसे आणि गोंडे यांच्या मधल्या जागेत, पिवळ्या दोऱ्याने भावाची मागणी भरलेली होती. अक्षरे थोडी वाकडी होती, कारण ती घरच्या बाईने दोन रात्री जागून टाचली होती. सगळ्या गावाने त्या जोडीचे कौतुक केले, सरपंचांनी नारळ दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे वाईटाचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबतच्या बडग्यांवर (पुरुषरूपी पुतळ्यांवर) त्या त्या वर्षीचा राजकीय राग लिहिलेला असतो, आणि ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. बैलाच्या झुलीवरची मागणी जर परंपरा असेल, तर बैल हाकणाऱ्याच्या छातीवरची तीच मागणी परदेशी खूळ कशी ठरते, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

कायद्याविषयीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्याने पोरे घाबरतात. राजकीय वाक्य छापलेला कपडा घालणे हा गुन्हा आहे, असा कोणताही सरसकट कायदा भारतात नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) ने भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि पोशाख हाही अभिव्यक्तीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या निकालात म्हटले आहे. त्याआधी 1995 मध्ये बलवंत सिंग खटल्यात याच न्यायालयाने चंदीगडच्या दोन सरकारी कर्मचाऱ्यांची सुटका केली होती. त्यांनी 1984 मध्ये रस्त्यावर दिलेल्या घोषणा फार प्रक्षोभक होत्या, पण त्यांनी कोणाला भडकवले नाही व कोणती गडबड झाली नाही, म्हणून नुसत्या घोषणेला गुन्हा मानता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. हमीभाव विचारणारी ओळ त्या घोषणांच्या जवळपासही जात नाही.

मर्यादा अर्थातच आहेत आणि त्या मी लपवणार नाही, कारण पोरांना त्याही माहीत असायला हव्यात. धर्म, जात, भाषा यांवरून समाजांत शत्रुत्व पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा ठरू शकतो, आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावणे कलम 299 खाली येते. मग ते कागदावर असो की कापडावर. राष्ट्रध्वज कंबरेखालच्या कपड्यात वापरायला 1971 च्या कायद्याने मनाई आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचाराचे चिन्ह वा मजकूर मिरवणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 130 प्रमाणे चालत नाही, त्यामुळे त्या दिवशी तसला टी-शर्ट घरी ठेवावा. सरकारी कर्मचाऱ्यांना वेगळे नियम आहेत. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये काढलेल्या परिपत्रकात त्यांना कार्यालयात टी-शर्ट घालायला मनाई केली होती आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितले होते. पण तो नियम टेबलामागे बसणाऱ्यासाठी आहे. टेबलासमोर कागद मागायला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो लागू होत नाही, आणि माझ्या पुतण्याला त्या दिवशी मी हे सांगायला हवे होते.

तेढ वाढते, या म्हणण्यात मात्र तथ्य आहे आणि मी ते झटकून टाकणार नाही. मी स्वतः असे टी-शर्ट पाहिले आहेत की ज्यांवरची ओळ शेजारच्या मोहल्ल्याला किंवा शेजारच्या जातीला डिवचण्यासाठीच लिहिलेली असते. मिरवणुकीत अशी वीस पोरे एका रांगेत चालली की पुढच्या चौकात काय होणार हे जुन्या माणसाला कळते. माझ्या घरातल्या कोणी तसला कपडा घातला तर मी तो काढायला लावीन. आमच्या तालुक्यातला छपाईवाला भाऊ या बाबतीत अनेक शहाण्यांपेक्षा स्पष्ट आहे. तो मागणी छापतो, निषेध छापतो, पुढाऱ्याला विचारलेला प्रश्न छापतो. पण ओळीत कोणत्या समाजाचे नाव शिवीसारखे आले तर गिऱ्हाईक परत पाठवतो, मग ऑर्डर दोनशे नगांची का असेना. मजकूर लिहिणाऱ्याने हा फरक केलाच नाही. सत्तेला प्रश्न विचारणारी ओळ आणि शेजाऱ्याला हिणवणारी ओळ त्याने एकाच पोत्यात भरली, आणि त्यामुळे दुसरीचा दोष पहिलीच्या माथी आला. शिवाय निवडणूक आली की प्रत्येक पक्ष आमच्या गावात आपल्या रंगाचे दुपट्टे आणि टोप्या वाटतो, त्याने तेढ वाढते असे या गटांत कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही.

साध्य काही होत नाही, या दाव्याला फार वेळ द्यावा असे वाटत नाही. 20 मार्च 2025 रोजी तामिळनाडूतल्या द्रमुक पक्षाचे खासदार मतदारसंघांच्या पुनर्रचनेविषयीचे वाक्य छापलेले टी-शर्ट घालून संसदेत आले आणि तेवढ्यावरून लोकसभेचे कामकाज तहकूब करावे लागले. सभागृहाला आपले नियम असतात आणि अध्यक्षांनी ते लावले, हे योग्यच. पण ज्या अक्षरांनी काहीच होत नाही ती पाहून कोणी सभागृह तहकूब करत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याने शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावला तेव्हा त्या बिल्ल्याने कापसाचा भाव लगेच वाढला नाही, हे खरे. मात्र बाजार समितीच्या आवारात अनोळखी माणसाच्या छातीवर तो दिसला की दोघे एकमेकांशी बोलू लागत, आणि संघटना अशाच बोलण्यातून उभी राहते.

उरला पैशाचा मुद्दा. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. पक्षांचे टी-शर्ट पक्षांच्या पैशाने येतात, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे टोपी, दुपट्टा यांचा खर्च हिशेबात दाखवून चालतो, पण शर्ट, साडी असा मुख्य कपडा मतदारांना वाटणे चालत नाही, कारण ती लाच ठरू शकते. असा फुकटचा कपडा नाकारा, असे मजकुरात असते तर मीही तो पुढे पाठवला असता. माझ्या पुतण्याचा टी-शर्ट मात्र त्याने व त्याच्या चार मित्रांनी स्वतःच्या पैशाने छापून घेतला होता.

तरी एक गोष्ट मला त्यात खटकली आणि ती मी त्याला सांगितली. तो टी-शर्ट पॉलिस्टरचा होता. उष्णतेने रंग धाग्यात उतरवण्याची स्वस्त छपाई पॉलिस्टरवरच नीट बसते, म्हणून थोड्या पैशांत घाईने छापायचे म्हटले की तेच कापड पुढे येते. 1980 च्या दशकात शेतकरी संघटनेने कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या नावावरून, "राजीव वस्त्र" म्हणत त्याविरुद्ध आंदोलन केले होते, ते याच पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखासाठी. मी त्याला हिशेब मांडून दाखवला: एका सुती टी-शर्टला सरकीसकट पाऊण किलोच्या आसपास कापूस लागतो, आणि लांब धाग्याच्या कापसाच्या 2025-26 च्या क्विंटलला 8110 रुपये हमीभावाने त्याचे साठ-एकसष्ट रुपये होतात, म्हणजे दुकानातल्या किमतीचा लहानसा तुकडा, पण तो तुकडा तरी वावरात येतो. यंदा नव्या ओळीसाठी पोरे पुन्हा छपाईवाल्या भाऊकडे गेली तेव्हा त्यांनी सुती कापड मागितले. सुतीवर स्क्रीन छपाई करावी लागेल, नगामागे चाळीस रुपये जास्त पडतील आणि चार दिवस थांबावे लागेल, असे त्याने सांगितले. पोरांनी आगाऊ पैसे भरले आहेत.