समुद्राने ६० मीटर किनारा गिळला? आधी भरती बघा

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपवर परत तेच फिरतंय, गुगल अर्थचे जुना-नवा असे दोन फोटो, मधे लाल रेघ, खाली लिहिलंय की समुद्राने ६० मीटर किनारा गिळला, सॅटेलाइट खोटं बोलत नाही, नकाशा ९५ टक्के अचूक आहे आणि मोबाईलच्या जीपीएसवरही तपासलंय.

धूप होतेय यात वादच नाही. १९९० ते २०१८ चे सॅटेलाइट फोटो तपासून झालेल्या सरकारी अभ्यासात देशाचा साधारण एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला. पण हा ६० चा आकडा असा निघत नाही.

सॅटेलाइटने फोटो काढला तेव्हा भरती होती की सुकती, म्हणजे ओहोटी? गुगल अर्थ तारीख दाखवतं, वेळ नाही. उधाणाला आपल्याकडे पाण्याच्या पातळीत दोन मीटर फरक सहज पडतो आणि पुळणीचा उतार तीसास एक (तीस मीटर चाललं की एक मीटर खाली) असेल तर तेवढ्यानेच पाण्याची रेघ ६० मीटर सरकते, म्हणजे वाळूचा कणही न हलता तुमचा अख्खा आकडा भरला! त्यात एक फोटो मे मधला न् दुसरा सप्टेंबरमधला असेल तर विषयच संपला, पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढे थंडीत बरीचशी परत आणून टाकतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय.

९५ टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा बहुतेक वेळा जंगल, शेती, पाणी, वाळू बरोबर ओळखली का याचा असतो, रेघ जागेवर आहे का याचा नाही. नकाशात वाळू २ टक्केच असेल आणि ती सगळीच्या सगळी चुकली तरी एकूण अचूकता ९८ टक्के येऊ शकते, म्हणून वाळूची अचूकता वेगळी विचारायची.

मोबाईलचं जीपीएस मोकळ्यावर पाचेक मीटर इकडेतिकडे होतं, माडाखाली अजून जास्त.

दोन्ही फोटो एकमेकांवर नीट बसतायत का हे आधी जेटी, पूल, देवळाचा चौथरा असल्या न हलणाऱ्या खुणांवर बघा, प्रत्येक फोटो ५ मीटर चुकीचा असेल तर फरकातली चूक सातेक मीटर (५ आणि ५ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) धरा आणि ती आकड्यासोबत लिहा. पाण्याच्या रेघेऐवजी सुरूच्या बनाची कडा मोजा, ती भरतीबरोबर हलत नाही.

बंधाऱ्यासाठी अर्ज करताना हाच फोटो जोडला आणि साहेबांनी भरतीची वेळ विचारली, तर ज्याची बाग खरोखर समुद्रात चाललीय त्याचाही अर्ज बाजूला पडेल.