'धार' आणि माझी 'कसरत': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'धार' या एकाच शब्दाच्या अनेक अर्थांतून कथा कशी फुलवता येते, या माझ्या लेखाखाली टोपणनावानं टाकलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. "असल्या शब्दांच्या कसरतीनं कथा होत नाही. श्लेष पंडितकवींबरोबरच गेला. वाचकानं काय मोल्सवर्थचा शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचं?" आणि शेवटी डोळा मारणारी इमोजी. ती नसती तर हे उत्तर निम्मंच झालं असतं.

मतभेद असू द्यात, त्याला ना नाही. पण 'कसरत'? 'असल्या'? ज्याला कधी भेटला नाहीत त्याच्याशी बोलायची ही कुठली रीत? आमच्या कोल्हापुरात तालमीत नव्यानं आलेल्या पोराशीसुद्धा वस्ताद पहिल्या दिवशी या सुरात बोलत नाहीत.

तुमचं एक मान्य. 'धारदार नजर' हे उदाहरण गुळगुळीत झालेलं आहे. लेखातून काढलं.

आता श्लेष. मी दिलेला प्रसंग पुन्हा सांगतो, कारण तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. वाटणीवरून दोन भावांत फाटलंय. धाकटा परड्यात कानशीनं कोयता घासतोय. आई आतनं विचारते, "धार झाली का रं?" तिच्या डोक्यात म्हैस. तो म्हणतो, "झाली." एवढंच. यात कोटी करतंय कोण? श्लेषात कवी वाचकाला कोपरानं ढोसत असतो, बघ कसं जमवलंय म्हणून. इथं आईला दुसरा अर्थ माहीतच नाही. पोरगा कुठल्या धारेबद्दल बोलला ते मी सांगितलेलं नाही. वाचकाच्या मात्र पोटात गोळा येतो. हा फरक दिसत नसेल तर पंडितकवींची नावं घेऊन दुसऱ्याला शिकवू नये.

आणि हे मी कोश चाळून आणलेलं नाही. आमचं घर गंगावेशेतलं, वडिलांच्या म्हशी. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर, गिऱ्हाईक पेला घेऊन शेजारी. रेडकाला आधी लुचू द्यायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला धरायचं, ते काम माझं. पहिली धार रिकाम्या पेल्यात पडते तेव्हा चिरका आवाज येतो. फेस चढत गेला की तोच आवाज बसका होतो. वडील पेल्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, नुसत्या आवाजावर हात थांबवायचे. त्याच हातांनी ते वैरणीच्या विळ्याला धार लावायचे. दोन्ही धारा एकाच माणसाच्या हातात बघत मोठा झालो, आणि ओढूनताणून आणलंय हे मला तुम्ही सांगणार?

राहता राहिला मोल्सवर्थ. १८३१ साली त्यानं कोश छापला तो मराठी शिकणाऱ्या साहेबलोकांसाठी. आपल्याला त्याची गरज कशाला? 'धारातीर्थी पडला' म्हणताना आपण तलवारीच्या पात्याचं तीर्थ करून मोकळे होतो. पावसाची संततधार लागते, साहेब कारकुनाला धारेवर धरतो, निवडणुकीत गल्लीतला म्हातारा "तेल बघ, तेलाची धार बघ" म्हणतो. कुणी अडखळतं का? संस्कृतातल्या 'धारा'लाही प्रवाह आणि पातं असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे कसरत केलीच असेल तर ती भाषेनं, माझ्या कितीतरी आधी. कथालेखकानं फक्त दोन अर्थांची माणसं एका घरात आणून ठेवायची.

बाकी तुमचं म्हणणं असं की शहरातल्या पोरांनी धार काढताना बघितलेलीच नाही, त्यांना हे पोचणार कसं; थोरला भाऊ नुसता बाहुला वाटतो; आणि बोली मध्येच पुणेरी होते. असेल. थोरल्याची ही गोष्टच नाही. पुणेरी कुठं होते त्याची एक तरी ओळ दाखवायची होती, म्हणजे बोलता आलं असतं.

पुढचा लेख 'मात्रा'वर आहे: वैद्याची, व्याकरणातली आणि लागू पडणारी. वाचा किंवा सोडून द्या. प्रतिक्रिया द्यायची असेल तर मात्र आधी शेवटपर्यंत वाचा, आणि जमलं तर स्वतःच्या नावानं लिहा.