टीपीएसला ‘मागचं दार’ म्हणणाऱ्या वाचकाला

अमेरिकेतल्या टीपीएसवर, म्हणजे संकटग्रस्त देशांतल्या लोकांना मिळणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणावर मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने कळवलं आहे: “तात्पुरतं हे नुसतं नाव, हे कायमचं घुसायचं मागचं दार आहे. अठरा महिने म्हणता, लोक वीस वर्षं राहतात. कर बाकीच्यांनी भरायचा. तुमच्यासारख्या भाबड्यांना हे कळायचं नाही.”

आधी माझी चूक. मी सरसकट १८ महिने लिहिलं होतं. कायद्यात एका वेळी किमान ६ आणि कमाल १८ महिने आहे. दुरुस्त केलं.

पण ‘भाबडे’? मुद्दा मांडायला हा शब्द लागत नाही. गेली चौदा वर्षं मी लोकांचे आय-८२१, म्हणजे टीपीएसच्या अर्जाचे फॉर्म भरून देतोय. तो फॉर्म एकदाही न उघडता कोणी मला भाबडा म्हणावं, हे मला लागलं. तुमचं वय, शिक्षण मला ठाऊक नाही, पण बोलायची ही रीत नव्हे.

आता ते दार. मुळात टीपीएस कोणाला देशात आणतच नाही. सरकारने ठरवलेल्या तारखेपासून जो अमेरिकेतच राहतोय, त्यालाच तो मिळतो. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा आणि टीपीएससाठी धरलेली तारीख २४ जून २०१५. जो २५ जूनला पहिल्यांदा अमेरिकेत उतरला, त्याचं घर ढिगाऱ्याखाली गेलेलं असलं तरी तो बाद.

तारखेत बसलं तरी ते सिद्ध करावं लागतं. भाडेपावती, पगाराची स्लिप, मुलाचा शाळेचा दाखला, दवाखान्याचं बिल, काहीतरी त्या दिवसांचं हवं. रोखीने मजुरी करून नातेवाइकाच्या खोलीत राहणाऱ्याकडे नेमका तोच कागद नसतो. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे शाबीत झाले की अपात्र. प्रकरण लवकर मिटावं म्हणून दोनदा गुन्हा कबूल करून बसलेले इथेच अडकतात. मुदत वाढली की पुन्हा नोंदणी, बहुतेक वेळा ६० दिवसांत. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा. नाही कळवला तर बोटांचे ठसे द्यायची नोटीस जुन्या घरी जाते, माणूस हजर राहत नाही, आणि त्याने अर्ज सोडून दिला असं धरून तो नाकारतात. परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं तर दर्जाच जायची भीती.

आणि ‘कायमचं’? टीपीएसमधून ग्रीन कार्डकडे जाणारी वाट कायद्यात नाही. तपासणी चुकवून आत आलेल्याला टीपीएस मिळाला म्हणून त्याचा ग्रीन कार्डसाठी लागणारा रीतसर प्रवेश झाला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जून २०२१ मध्ये सांचेझ विरुद्ध मायोर्कास खटल्यात एकमताने सांगितलं. त्याच्याही आधी, १९९० साली टीपीएसचा कायदा करतानाच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यात एक कलम घालून ठेवलं: टीपीएसवाल्यांना कायमचा दर्जा देणारं विधेयक सिनेटमध्ये नुसतं चर्चेला घ्यायचं तरी तीन पंचमांश मतं लागतील. मागचं दार ठेवणारा त्याला असं कुलूप घालतो का?

वीस वर्षांचं म्हणाल, तर एल साल्वाडोरला २००१ च्या भूकंपांनंतर टीपीएस मिळाला आणि तो वाढत गेला, हे खरं. पण वाढवला सरकारने. मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी तिथली परिस्थिती तपासून निर्णय घ्यायचा असतो. निर्णयच झाला नाही तर ६ महिने आपोआप वाढतात. अमेरिकेत राहिलेल्यांनी दर वेळी फॉर्म भरला, फी भरली, मुलं मोठी केली, आणि पुढच्या मुदतीपलीकडचं काहीच ठरवता आलं नाही. यात लबाडी त्यांची कुठे? काँग्रेसने प्रश्न लोंबकळत ठेवला, त्याचा जाब काँग्रेसला विचारा.

कराचं काय, तर वर्क परमिटवर काम करणाऱ्याच्या पगारातून कर कापला जातो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पुन्हा लिहाल तर आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं टीपीएसचं कलम २४४ वाचा, आणि मला विशेषण न लावता लिहा. उत्तर देईन.