'ग्लोरिया'तला खर्ज बायकांचाच होता

नाताळ जवळ आला की अठराव्या शतकातला संगीतकार विवाल्दी याच्या 'ग्लोरिया' या समूहगायनाबद्दल एक मजकूर हमखास फिरू लागतो. व्हेनिसच्या या लाल केसांच्या पाद्र्याने हे गाणं नाताळासाठी रचलं, अनाथ चिमुरड्यांनी ते म्हटलं, खालचे आवाज बाहेरून आणलेल्या पुरुषांनी दिले आणि तेव्हापासून युरोप दर नाताळाला ते गात आलाय. लिहिणाऱ्याचं प्रेम दिसतं, पण यातलं फार थोडं खरं आहे.

नाताळाशी नातं सुरुवातीच्या शब्दांपुरतं. ते लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या रात्री देवदूत म्हणतात ते. बाकी ही मिस्सातली, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेतली, नेहमीची प्रार्थना. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सोडले तर दर रविवारी म्हटली जाते, आपल्या वसईतही. विवाल्दीने तिचे 12 भाग पाडले. त्यातला दुसरा, 'एत इन तेर्रा पाक्स', जरूर ऐका. शब्द पृथ्वीवरच्या शांतीचे, आणि सूर बी मायनर या उदास स्वरपट्टीतले, संथ, काळजावर ओझं ठेवणारे. हे सणाचं गाणं नव्हे. शांती मागणाऱ्याला ती किती दूर आहे हे ठाऊक असावं, असं वाटत राहतं.

'तेव्हापासून दर नाताळाला' हे तर उघडच चूक. विवाल्दी 1741 मध्ये व्हिएन्नात वारला आणि त्याचं संगीत विस्मरणात गेलं. हस्तलिखितांचा मोठा साठा 1926 मध्ये उत्तर इटलीतल्या एका मठातून उजेडात आला. आज तो तुरीनच्या ग्रंथालयात आहे. 'ग्लोरिया' पुन्हा ऐकू आला 1939 मध्ये, सिएना इथे, तोही काझेल्ला या इटालियन संगीतकाराने बराच फेरफार करून. शेवटचा फ्यूगही (एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात तो भाग) मुळात रुज्जेरी या संगीतकाराचा, विवाल्दीने आपल्या पद्धतीने बेतलेला. त्या काळी याला कुणी चोरी म्हणत नसे.

मला खरी बोचते ती पुरुषांची ओळ. पिएता ही व्हेनिसमधली, टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणारी संस्था; मजकुरातल्या 'अनाथ चिमुरड्या' इथल्याच. विवाल्दी तिथे 1703 पासून व्हायोलिन शिकवत होता. तिथला वृंद फक्त स्त्रियांचा, आणि त्या चिमुरड्याही नव्हत्या. चाळिशी ओलांडलेल्या गायिका त्यात होत्या. जाळीआडून गायच्या, म्हणून श्रोत्यांना चेहरे दिसत नसत. स्वरलेखनात टेनर आणि बास, म्हणजे एरवी पुरुष गातात ते खालचे आवाज आहेत, म्हणजे पुरुष असणारच, हा केवळ तर्क. पिएताच्या नोंदींत या बायकांची ओळख त्यांच्या आवाजावरून आहे: पाओलिना दाल तेनोर (टेनर गाणारी), आन्ना दाल बासो (बास गाणारी). एकल गायनाचे भागही पाहा, दोन सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) आणि एक आल्टो (खालचा स्त्री-आवाज). एकही पुरुषासाठी नाही.

आडनाव नसलेल्या या बायकांनी स्वतःच्या गळ्याने नाव कमावलं होतं. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान पुरुषांची ओळ खोडा आणि तिथे आन्नाचं नाव लिहा.