आकडा विचारणाऱ्या शाळासोबत्यांनो, जरा थांबा

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका महाभागाने पोल टाकला. ‘निवृत्तीनंतर हातात किती? खरं सांगायचं हं!’ पर्याय चार. एक कोटीच्या आत, एक ते तीन, तीन ते पाच, पाचच्या वर. खाली डोळा मारणारा इमोजी. सगळे साठी ओलांडलेले, काहींचे गुडघे बदलून झालेले, पण शेजारच्या बाकावरच्या पेपरात डोकावायची खोड काही जात नाही.

त्यात या पोलमध्ये कुणी कुठे बोट लावलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. दुपारपर्यंत वरच्या दोन पर्यायांत गर्दी. आणि रोज सगळ्यांच्या आधी सुप्रभात टाकणारा एक सज्जन ‘आमचं आपलं बरं चाललंय’ एवढं लिहून ग्रुपमधून बाहेर पडला. एकानेही ‘अरे थांब’ म्हटलं नाही. डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

मुळात प्रश्नच अडाणी आहे. नुसती पुंजी विचारून काय कळणार? तिला खर्चाने भागावं लागतं. तोही सगळा खर्च नाही, पेन्शन, भाडं असं जे येतं ते वजा करून वर्षाला जी तूट उरते तिने. समजा एकाकडे तीन कोटी आहेत, पेन्शन नाही, वर्षाचा खर्च 18 लाख. पैसा महागाईइतकाच वाढत राहिला असं धरलं, तर त्याला साधारण 16-17 वर्षं पुरेल. दुसऱ्याकडे 80 लाख, खर्च 6 लाख, पेन्शन 4 लाख. तूट फक्त 2 लाख, म्हणजे पुंजी तुटीच्या 40 पट. पोलमध्ये पहिला शेठ आणि दुसरा बिचारा. आता सांगा, झोप कुणाची उडायला हवी?

पण दुसऱ्यानेही लगेच पाय पसरू नयेत. त्याचं पेन्शन महागाईबरोबर वाढतं का, ते आधी बघायचं. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील याचा ढोबळ हिशोब म्हणजे 72 ला टक्क्यांनी भागायचं. महागाई 6 टक्के धरली तर 72 भागिले 6, म्हणजे 12 वर्षांत खर्च दुप्पट. 6 लाखांचे 12 लाख. पेन्शन ठरीव असेल तर ते 4 लाखच. तूट 2 लाखांवरून 8 लाखांवर, दुप्पट नाही, चौपट! ठरीव पेन्शनवाल्यांची गणितं इथेच फसतात, आणि फसलेली कळतात सत्तरीनंतर. कुठल्या पोलमध्ये हा पर्याय होता?

वयाचंही तेच. नवरा-बायकोत जो धाकटा, त्याच्या वयावरून वर्षं मोजायची. बायको आठ वर्षांनी लहान असेल तर पुंजी आठ वर्षं जास्त पुरवावी लागते, तुमचा बॅचमेट कितीही तुमच्याच वयाचा असो. आणि राहतं घर पुंजीत धरणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. ज्या घरात तुम्ही राहता ते विकल्याशिवाय त्यातून औषधाची बाटलीही येत नाही. उलट मोठं घर दरवर्षी मागतच राहतं.

हे सगळं माहीत असूनही टोचतंच, मान्य. जगातल्या अब्जाधीशाचा आकडा वाचून कुणाला काही होत नाही, पण शेजारच्या बाकावरच्याने ‘पाचच्या वर’ दाबलं की पोटात गोळा येतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडून ठेवलंय की माणूस स्वतःला मोजतो तो आपल्यासारख्यांशी. म्हणूनच असला पोल शाळेच्या ग्रुपवर टाकणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. तो निघून गेलेला माणूस उगाच हळवा नव्हता.

आणि आकड्यांमागून आल्याच रिटर्नच्या फुशारक्या. ‘पाच वर्षांत दुप्पट केले, वर्षाला 20 टक्के!’ नाही हो. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 15च्याही किंचित खाली. त्यातून कर वजा करा, मग महागाई. आणि मुख्य म्हणजे विचारा, एकूण पुंजीपैकी कितीवर? बहुतेक वेळा एका छोट्या कोपऱ्यावर. बुडालेल्या कोपऱ्याचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही.

इथे मला खरा राग येतो. चाळिशीत असली तुलना फक्त मूड घालवते. साठीनंतर ती पैसे हलवायला लावते. पोल बघून कुणीतरी गुपचूप मुदत ठेव मोडतो, ‘मागे पडलोय, गाठायला हवं’ म्हणून सगळं शेअर्समध्ये घालतो. पगार चालू असताना बाजार पडला तर भरून काढायला पुढची कमाई असते. निवृत्तीत उलटं, पडत्या बाजारातूनच खर्चाला काढावं लागतं. 100चे 30 टक्क्यांनी 70 झाले, तर पुन्हा 100 व्हायला 43 टक्के वाढ लागते. त्यातून 5 खर्चाला काढले की उरले 65, आता लागते 54 टक्के. सरासरी परतावा तोच, पण पडझड पहिल्या दोन-तीन वर्षांत आली तर पुंजी आधी संपते. म्हणून निदान दोन-तीन वर्षांची तूट भागेल एवढी रक्कम बाजाराबाहेर, हाताशी ठेवायची. मित्राचं काय चाललंय ते बघून तिला हात लावायचा नाही.

आणि ठग कुठे बसलेले असतात? नेमके याच जागी. नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफला डिसेंबर 2008 मध्ये अटक झाली, तोवर त्याच्याकडे पैसे कसे जात होते? क्लबातल्या ओळखीच्यांना दरवर्षी न चुकता परतावा मिळतोय हे ऐकून. तो काही अचाट टक्केवारी दाखवत नव्हता, कधी फारसं न पडणारी सरळ रेघ दाखवत होता. ‘त्याला मिळतंय, मग मला का नाही’ एवढं मनात आलं की उरलेलं काम ठगाला करावं लागत नाही.

बरं, तुलना अगदीच टाकाऊ नाही. ठेवींचे व्याजदर, विम्याचा हप्ता, फंडाचं शुल्क यांची खुशाल करा. वर्षाला एक टक्का जादा शुल्क 20 वर्षांत जवळजवळ 18 टक्के रक्कम खातं, ते मित्राला विचारून कळलं तर उत्तमच. वस्तूची किंमत विचारा, माणसाची नको.

‘वर्षाच्या तुटीच्या 25 पट पुंजी पाहिजेच’ म्हणणाऱ्या पंडितांसाठीही एक ओळ. पहिल्या वर्षी पुंजीतले 4 टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईनुसार वाढवायची, या नियमावरून तो आकडा येतो (100 भागिले 4, म्हणजे 25). ते 4 टक्के आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या जुन्या आकड्यांवरून काढले, 30 वर्षांसाठी आणि अर्धी रक्कम शेअर्समध्ये धरून. तुमचं वय, तुमची महागाई, तुमचा विमा त्यात नाही. अंदाजाला ठीक, पण त्यावरून दुसऱ्याला नापास करायला कुणी सांगितलंय?

राग जरा ओसरलाय, तर आता कामाचं. त्या निघून गेलेल्या मित्राला मी हेच कळवणार आहे. पासबुक काढा, मागच्या 12 महिन्यांत गेलेला प्रत्येक पैसा तीन रकान्यांत लिहा. दरमहाचा, वर्षातून एकदाचा (विमा, कर, दुरुस्ती), आणि काही वर्षांतून एकदाचा. तिसरा रकाना जवळपास सगळे विसरतात. रंगकाम, वॉशिंग मशीन, दात, मोतीबिंदू, कानाचं यंत्र. आठ वर्षांनी 2 लाख लागणार असतील तर ते वर्षाला 25 हजार धरा. ते न धरल्यामुळेच ‘यंदा जरा जास्त झालं’ दरवर्षी म्हणावं लागतं. बेरजेतून येणारं वजा करा, पुंजीला त्या तुटीने भागा. राहतं घर सोडून, आजारपणासाठी बाजूला ठेवलेले सोडून. आलेला आकडा तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा काढा. तुमची स्पर्धा असलीच तर त्या दोन आकड्यांत. पट वर्षाला एकाने कमी होत असेल तर ठीक, वय पण एकाने वाढलंय. एका वर्षात तीन-चारने घसरली तर मात्र खर्चाचे रकाने पुन्हा उघडा.

आणि पोलमध्ये हिरिरीने बोट लावणाऱ्यांनो, तुमचा आकडा आता सगळ्या बॅचला माहीत आहे. घरी माहीत आहे का? खाती कुठे, पॉलिसी कुठल्या, लॉकरची चावी कुणाकडे? एका कागदावर लिहून जोडीदाराला दाखवा. त्याच वेळी प्रत्येक खात्याचा नॉमिनी तपासा. नोकरीला लागताना लिहिलेलं वडिलांचं नाव अनेकांचं अजून तसंच असतं, वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी. फॉर्म एक पानाचा असतो, उद्या भरून टाका.