बुर्ज खलिफाची गॅलरी कोथरूडपेक्षा खालीच आहे

‘दुबईला जाणाऱ्यांनी नक्की वाचा आणि पुढे पाठवा’ असं वरच दटावणारा एक मेसेज सध्या फिरतोय. विषय बुर्ज खलिफावरची प्रेक्षक गॅलरी. दावे असे: वर ऑक्सिजन विरळ असतो, बीपीवाल्यांनी जाऊच नये; लिफ्टच्या वेगाने कानाचे पडदे फाटतात; लिफ्ट अडकून माणसं गेली आणि बातमी दाबली; इमारतीच्या टोकावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात; एकाच दिवशी दोनदा सूर्यास्त पाहता येतो; आणि तिकीट आधी काढू नका, दारात स्वस्त मिळतं. हवाला एका ‘प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञां’चा. इतके प्रसिद्ध की नाव लिहायची गरजच पडली नाही.

एरवी मी असलं काही वाचत नाही. पण हे कोथरूडला आमच्या मावशीपर्यंत पोचलं आणि टूरचे पैसे भरून बसलेली मावशी म्हणायला लागली, “तुम्ही या जाऊन वर, मी आपली खाली मॉलमध्ये बसते.” म्हणून हा खटाटोप.

ऑक्सिजनचं आधी बघू. लोक ज्या गॅलरीत जातात ती १२४व्या मजल्यावर, ४५२ मीटरवर आहे. जास्त पैसे मोजले तर १४८वा मजला, ५५५ मीटर. दुबई समुद्रकाठी, त्यामुळे समुद्रसपाटीपासूनची उंचीही जवळपास तेवढीच. आता पुणे बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. म्हणजे मावशी ज्या ओट्यापाशी उभी राहून हा मेसेज वाचत होती, तो ओटा १२४व्या मजल्यापेक्षा शंभर मीटर उंच! शिवाय ही बाई रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते, तिचा माथा ८०० मीटरच्या आसपास. दर मे महिन्यात महाबळेश्वर, ते तेराशेच्या वर. तिथे हिला कधी ऑक्सिजन कमी पडला नाही, उलट ‘हवा कशी छान आहे’ म्हणून दोन दिवस मुक्काम वाढतो.

आणि दुबईला जाणार कशाने? विमानाने. प्रवासी विमान उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. त्यात तीन तास बसायला हरकत नाही, जेवणही करायचं, आणि मग ४५२ मीटरला घाबरायचं? दुबईतल्या रस्त्यापेक्षा त्या गॅलरीत हवेचा दाब जेमतेम पाच टक्क्यांनी कमी असतो. बीपीच्या माणसाने डॉक्टरांना विचारायचंच असेल तर विमानाबद्दल विचारावं. उंचीवरून खाली पाहिलं की ज्यांना गरगरतं त्यांची गोष्ट वेगळी, पण त्याचा ऑक्सिजनशी काही संबंध नाही.

कानांबाबत थोडं तथ्य आहे, मान्य. लिफ्टचा वेग सेकंदाला १० मीटर, मिनिटाभरात वर. कानांना दडे बसतात. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला येतानाही बसतात, फक्त तिथे वेळ जास्त लागतो. आवंढा गिळायचा, गोळी चघळायची, मोकळे होतात. पडदे फाटत असते तर त्या लिफ्टमधून रोज हजारो माणसं हसत बाहेर आली नसती. सर्दीने नाक-कान चोंदले असतील किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर मात्र विचारून जावं.

लिफ्ट अडकली होती, हेही खरं. इमारत खुली झाली ४ जानेवारी २०१० ला, आणि फेब्रुवारीत पर्यटक लिफ्टमध्ये पाऊण तास अडकले. सगळे सुखरूप बाहेर आले. गॅलरी एप्रिलपर्यंत बंद ठेवली होती आणि त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. दाबली कुठे?

आता मुंबईचे दिवे. ‘टोक’ ८२८ मीटरवर आहे, पण तिथे आपल्याला कोणी नेत नाही. वरचा २४४ मीटरचा भाग राहण्या-वापरण्याचा नाहीच, नुसता शोभेचा. उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ साली तो मोजून दाखवलाय. क्षितिज किती लांब दिसतं हे दहावीतल्या पायथागोरसवरून निघतं: उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. १२४व्या मजल्यावरून येतात ७६, १४८व्यावरून ८४. मुंबई १,९०० किलोमीटरच्या पुढे! पृथ्वीच्या गोलाईपलीकडची मुंबई दुबईवरून दिसायची तर साधारण ३०० किलोमीटर उंच जावं लागेल, म्हणजे अंतराळ स्थानकाच्या शेजारपाजारी. इराणचे डोंगर स्वतःच उंच असल्याने अगदी स्वच्छ हवेत गणिताने दिसू शकतात, पण दुबईच्या धुरकट हवेत समोरचा समुद्र नीट दिसला तरी नशीब.

दोनदा सूर्यास्ताचं, नाइलाजाने, बरोबर आहे. वरच्यांना सूर्य उशिरा मावळताना दिसतो. २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी ८० व्या मजल्याच्या वरच्यांना दोन मिनिटं आणि १५० व्याच्या वरच्यांना तीन मिनिटं उशिरा रोजा सोडायला सांगितलं होतं. पण खाली सूर्यास्त बघून दोन-तीन मिनिटांत वर पोचायचं, तर मधली तपासणी आणि लिफ्टची रांग कोण गायब करणार?

तिकिटाचा सल्ला मात्र खिशाला भोक पाडणारा. सुरुवातीच्या वर्षांत आधी काढलेलं तिकीट १०० दिऱ्हम होतं आणि ऐनवेळी थेट आत सोडणारं ४००. आजही दर वेळेनुसार बदलतात, आणि संध्याकाळची वेळ सगळ्यात महाग, शिवाय ती आधी भरते. मावशीचं मी सकाळचं काढून टाकलंय, तिला न विचारता.