लोकसंख्येचा फॉरवर्ड आणि रात्रभर चालणारी मोटर

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला. पाणीटंचाई, प्रदूषण, वाढतं ऊन, सगळ्याचं मूळ एकच, लोकसंख्या, बाकी सगळं नाटक, दोन मुलांचा कायदा करा की झालं. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडलाय त्याच्यावर.

आधी ते 'लोक बेसुमार वाढतायत'. अहो कुठं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईमागं सरासरी २ मुलं, कर्नाटकात १.७ आणि महाराष्ट्रातही १.७ (या एका बाबतीत तरी दोन्ही राज्यांचं जमलं), आणि लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच २.१ लागतात. एकूण आकडा अजून काही वर्षं वाढणार ते खरं, पण ते आज तरणी पोरं जास्त आहेत म्हणून, कायदा केला तरी ती काय परत पोटात जात नाहीत.

'जास्त माणसं म्हणजे जास्त धूर.' १९६० ला जगात ३ अब्ज माणसं, २०२२ ला ८ अब्ज, म्हणजे अडीच पटीच्या जरा वर. कोळसा-तेल-गॅस जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र तेवढ्यातच चौपट झाला, मग वरचा धूर कुणाचा? भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेत १४-१५, म्हणजे तिथला एक आणि इथले सात.

आता पाणी. माझा मावसभाऊ बेळगाव जिल्ह्यात रायबागकडं, ऊस त्याचा. रात्री थ्री फेज लाईट आली की मोटर चालू करायची, पाट सोडायचा आणि घरी येऊन झोपायचं, सकाळी बघावं तर बांध फुटून पाणी रस्त्यावर आणि त्यात म्हशी बसलेल्या. ठिबक घे म्हटलं तर म्हणतो, "पाणी हाय की, कशाला?" आणि मे महिन्यात त्याच्याच दारात टँकर! घरात माणसं किती, तर चार. बारा महिने रानात उभा असणारा ऊस किती पितोय ते कोण मोजत नाही, पोरं तेवढी मोजतात.

शहरात गर्दी वाढली की सांडपाणी वाढतं, हे मान्य. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं काळं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतं, तिथं बासमती पिकते हो! पण तेच पाणी शुद्ध करून सोडता येतं, त्यासाठी माणसं कमी करावी लागत नाहीत.

राहिला कायदा. १९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती करून बघितलीच की, लोक पळून शेतात लपायचे. पाळणे कमी झाले ते पोरी शिकल्या आणि जन्मलेली लेकरं जगायला लागली म्हणून. फॉरवर्ड टाकणारे काका स्वतः सात भावंडांतले पाचवे, आणि त्यांना मुलगी एकच, तीसुद्धा कुठल्या कायद्याला भिऊन नव्हे.